न उडालेला बार : दोष पिस्तुलाचा कीं काडतुसाचा?

पिस्तुलाचा चाप ओढावा आणि धमाक्याऐवजीं नुसता ‘खट्’ असा आवाज व्हावा, हा प्रसंग नेमबाजीच्या मैदानावर अगदींच दुर्मिळ नाहीं. त्या क्षणीं पुष्कळांच्या हातून दोनपैकीं एक चूक होते. कोणी पिस्तूल तोंडासमोर धरून आंत काय झालें तें पाहूं लागतो. कोणी चिडून न उडालेलें काडतूस फेकून देतो, दुसरें चढवितो आणि दिवसभर पिस्तुलाच्या नांवानें बोटें मोडीत बसतो. पहिली चूक जिवावर बेतणारी आहे. दुसरी तितकी घातक नसली तरी तिच्यामुळें एक मोठें नुकसान होतें. बार कां उडाला नाहीं हें सांगूं शकणारा एकुलता एक साक्षीदार कचऱ्यांत जातो, आणि मग दोष कोणाचा हा प्रश्न केवळ तर्काचा विषय होऊन बसतो.

हा विषय शिपायांच्या आणि शिकाऱ्यांच्याच उपयोगाचा उरलेला नाहीं. महाराष्ट्रांत नेमबाजी हा आतां सुशिक्षित घरांतील मुलामुलींचाही खेळ झाला आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकाराचें सुवर्णपदक मिळविलें. त्या स्पर्धांत नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें रायफलच्या ५० मीटर प्रकारांत कांस्यपदक पटकाविलें. ह्या दोन्ही प्रकारांत वापरावयाचें काडतूस एकाच मापाचें, म्हणजे ५.६ मिलिमीटरचें असतें. नेमबाजांच्या बोलण्यांत त्यास ‘पॉइंट टू टू’ म्हणतात. घरांतील मुलगा वा मुलगी मैदानावर जाऊं लागली म्हणजे, बार न उडाल्यास काय करावें व काय करूं नये, आणि दोष कोणाच्या पदरीं घालावा, ह्याची ओळख वडीलधाऱ्यांसही असलेली बरी.

निवाडा करण्यापूर्वीं बार उडतो कसा हें पाहिलें पाहिजे. काडतुसाचे भाग चार : पितळेचें नळकांडें, त्याच्या तोंडाशीं बसविलेली गोळी, पोटांतील दारू, आणि बुडाशीं ठिणगी देणारें स्फोटक मिश्रण. मोठ्या पिस्तुलांच्या काडतुसांत हें मिश्रण बुडाच्या मध्यभागीं बसविलेल्या धातूच्या लहानशा टोपींत असतें. पॉइंट टू टूच्या काडतुसास अशी वेगळी टोपी नसते. त्याच्या बुडाची कड पोकळ असून मिश्रण त्या कडेंत सभोंवार पसरलेलें असतें. चाप ओढला कीं अडवून धरलेला घोडा सुटतो, तो एका पोलादी पिनेवर आदळतो आणि पिन टोपीवर किंवा कडेवर घाव घालते. टोपीच्या आंत एक इवलीशी ऐरण असते. पिनेचा घाव आणि ही ऐरण यांच्या मधोमध मिश्रण चिरडलें जाऊन पेट घेतें, त्याची ज्वाला दारूंत शिरते, दारूचा वायु होतो आणि तो वायु गोळीस नळींतून पुढें रेटतो. कडेच्या काडतुसांत पिस्तुलाच्या कोठ्याची कडाच ऐरणीचें काम करते. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे.

आघातानें पेटणाऱ्या अशा मिश्रणाचा इतिहास फार जुना नाहीं. पाऱ्यापासून होणाऱ्या फल्मिनेट नांवाच्या स्फोटक द्रव्याचें वर्णन इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनीं १८०० सालीं प्रसिद्ध केलें, आणि आघातानें पेटणाऱ्या द्रव्यांचा बंदुकींत उपयोग करण्याचें पेटंट स्कॉटलंडमधील एक धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनीं १८०७ सालीं मिळविलें. तत्पूर्वींच्या गारगोटीच्या बंदुकीचा कान उघडा असे. पावसाची सर आली कीं दारू भिजे आणि बंदूक लाठीच्या मोलाची होई. त्या काळीं बार न उडाल्यास कोणी फारशी चौकशी करीत नसे, कारण कारण डोळ्यांसमोर गळत असे. टोपी आली, काडतूस बंदिस्त झालें आणि बार बहुधा उडूं लागला. त्याचबरोबर, तो जेव्हां उडत नाहीं तेव्हां त्याचें कारण मात्र धातूच्या आड लपलें.

चाप ओढल्यावर जें घडतें वा घडत नाहीं, त्याचे स्थूलमानानें चार प्रकार होतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा असतो. पहिला प्रकार, चाप ओढूनही कांहींच आवाज होत नाहीं. अशा वेळीं घोडा सुटलेलाच नसतो. खटका बंद राहिलेला असतो, स्लाइड पुरती मिटलेली नसते, किंवा चापाच्या यंत्रणेंत बिघाड असतो. काडतुसावर घाव पडलेलाच नसल्यामुळें त्याच्या स्फोटक द्रव्यांस येथें दोष देतां येत नाहीं. दुसरा प्रकार, ‘खट्’ होतें पण बार उडत नाहीं; हाच खरा हुकलेला बार. तिसरा, ‘खट्’ झाल्यावर क्षणभर थांबून मग बार उडतो. चौथा, बार उडतो पण दबका, हाताला नेहमीचा धक्का न देणारा. मराठींत त्यास ‘फुसका बार’ हा नेमका शब्द आहे. मात्र व्यवहारांत ह्या शब्दानें हसूं येतें, आणि पिस्तुलाच्या बाबतींत सर्वांत अधिक भिण्यासारखा प्रकार हाच.

भिण्याचें कारण असें. फुसक्या बारांत दारू अगदीं थोडी असते किंवा नसतेच. टोपीच्या जोरानें गोळी कोठ्यांतून निघते आणि नळींत मध्येंच अडकून बसते. नेमबाजानें हें न ओळखतां पुढचा बार उडविला, तर दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते, मागचा वायु कोंडतो आणि नळी फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज वा धक्का जरा जरी निराळा वाटला तरी तेथेंच थांबावें, पिस्तूल पूर्ण रिकामें करावें, आणि नळींतून सळई घालून ती मोकळी असल्याची खात्री पटल्यावांचून पुढचें काडतूस चढवूं नये.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांतील अडचण अशी कीं, पहिल्या कांहीं क्षणांत ते एकमेकांपासून ओळखतां येत नाहींत. उशिरानें उडणारा बार हा उडेपर्यंत न उडालेल्या बारासारखाच दिसतो. म्हणूनच नियम असा कीं, ‘खट्’ होऊन बार न उडाल्यास पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनेंच धरून ठेवावें, चापावरील बोट काढावें आणि निदान ३० सेकंद स्वस्थ राहावें. कांहीं मैदानांवर पूर्ण मिनिटभर थांबण्याची शिस्त असते. त्यानंतर मॅगझिन काढावें, चेहरा व दुसऱ्या हाताचा पंजा काडतूस बाहेर पडण्याच्या मार्गांतून दूर ठेवावा, आणि मग स्लाइड मागें ओढून काडतूस बाहेर घ्यावें. कोठ्याबाहेर काडतूस उडालें तर गोळी फार जोरानें जात नाहीं. परंतु पितळेच्या ठिकऱ्या होतात आणि त्या डोळ्यास पुरेशा असतात. चकमकींत सांपडलेल्या पोलिसास मात्र अर्धें मिनिट थांबण्याची चैन परवडत नाहीं. त्यास काडतूस ताबडतोब फेकून दुसरें चढविण्याचें शिक्षण दिलेलें असतें. मैदानावरील माणसानें त्याचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं.

काडतूस सुखरूप बाहेर आलें कीं चौकशीस प्रारंभ होतो. तें फेकूं नये. निराळ्या डबींत ठेवावें आणि प्रथम त्याचें बूड चांगल्या उजेडांत पाहावें. तेथें पिनेच्या घावाची खूण काय सांगते हें वाचतां आलें पाहिजे. त्याच पिस्तुलांतून उडालेलें एखादें रिकामें नळकांडें शेजारीं ठेवून तुलना केली म्हणजे नवशिक्यासही फरक दिसतो.

खूण मुळींच नसेल, तर पिन टोपीपर्यंत पोहोंचलीच नाहीं. पिन मोडली असेल, तिच्या वाटेंत मळ सांचला असेल, किंवा स्लाइड अर्धवट मिटली असेल. दोष पिस्तुलाकडे झुकतो. तथापि मापांत जरा फुगलेलें वा वाकडें काडतूसही स्लाइडला मिटूं देत नाहीं, हें विसरतां कामा नये. खूण नेहमीसारखी खोल आणि जागच्या जागीं असेल, तर पिस्तुलानें आपलें काम केलें असें मानावें. घाव पुरेसा बसूनही मिश्रण पेटलें नाहीं, ह्याचा अर्थ टोपी निकामी होती. ओल, मुरलेलें तेल अथवा कारखान्यांतील चूक ह्यांपैकीं कांहीं तरी तिच्या वाट्यास आलें असावें.

सर्वांत फसवी खूण म्हणजे उथळ खूण. ती पाहतांच पिस्तुलाची स्प्रिंग ढिली झाली असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि पुष्कळदां तो बरोबरही असतो. स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या वापरानें थकते; पिनेच्या वाटेंत घट्ट झालेलें जुनें तेल तिचा वेग खातें; पिनेचें टोंक झिजतें. परंतु टोपीच जर काडतुसाच्या बुडांत पुरती खोल बसविलेली नसेल, तर पिनेचा पहिला घाव तिला आंत सरकविण्यांतच खर्च होतो. मिश्रण चिरडण्यास जोर उरत नाहीं आणि खूणही उथळ दिसते. अशा काडतुसावर दुसरा घाव घातला तर तें बहुधा उडतें, कारण तोंपर्यंत टोपी ऐरणीशीं टेकलेली असते. म्हणून दुसऱ्या घावानें उडालेलें काडतूस पिस्तुलास निर्दोष ठरवीत नाहीं आणि दोषीही ठरवीत नाहीं. तें इतकेंच सांगतें कीं पहिला घाव पुरला नव्हता. हा दुसऱ्या घावाचा प्रयोग अर्थातच मैदानावर, जाणत्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं आणि ठरलेला वेळ थांबूनच करावयाचा.

पॉइंट टू टूच्या काडतुसाची परीक्षा याहून सोपी आहे. मिश्रण कडेंत फिरवून पसरवितांना एखाद्या ठिकाणीं तें पोहोंचलें नाहीं, आणि नेमका त्याच ठिकाणीं घाव पडला, तर बार उडत नाहीं. काडतूस अर्धें फिरवून पुन्हां कोठ्यांत ठेवलें व तें उडालें, तर मिश्रण एकसारखें पसरलेलें नव्हतें असा संशय बळावतो. पण एकामागून एक अनेक काडतुसें पहिल्या घावास दाद देत नसतील, तर नजर पिस्तुलाकडे वळवावी. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा वारंवार सोडण्याची खोड असेल, तर कांहीं पिस्तुलांत पिन थेट कोठ्याच्या कडेवर आपटते आणि तेथें खांच पडते. त्या कडेसच ऐरण म्हटलें होतें. ऐरणीसच खड्डा पडल्यावर घाव कितीही जोराचा असला तरी मिश्रण चिरडलें जाणार कसें?

काडतुसाच्या बुडावरील खूण ही साक्ष झाली. निकालासाठीं उलटतपासणी हवी, आणि तिची रीत घरोघर ठाऊक असलेलीच आहे. दिवा लागेनासा झाला म्हणजे चतुर गृहिणी प्रथम दुसऱ्या खोलींतील चालू बल्ब आणून तेथें लावून पाहते, आणि तेथील बल्ब त्या दुसऱ्या खोलींत. बल्ब आणि बटण एकाच वेळीं बदललें तर दिवा लागेल, पण बिघडलें होतें काय हें कधींच कळणार नाहीं. पिस्तुलाचेंही तसेंच. संशयित काडतुसांच्या पेटींतील कांहीं काडतुसें त्याच मापाच्या दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या पिस्तुलांतून उडवावीं. नंतर खात्रीचीं काडतुसें संशयित पिस्तुलांतून उडवावीं. पेटी दोन्ही पिस्तुलांत हुकत असेल आणि खात्रीचीं काडतुसें दोन्हींत उडत असतील, तर दोष पेटीचा. संशयित पिस्तूल दोन्ही प्रकारच्या काडतुसांस हुकवीत असेल आणि दुसरें पिस्तूल दोन्ही उडवीत असेल, तर दोष पिस्तुलाचा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हें ह्या रीतीचें सार.

ह्या उलटतपासणींत मॅगझिन हा तिसरा आरोपी धरावा. त्याचे ओठ वांकलेले असले किंवा स्प्रिंग मंद झाली असली कीं काडतूस तिरपें चढतें आणि शिव्या पिस्तूल खातें. मॅगझिनांवर १, २, ३ असे आंकडे घालून ठेवले, तर सारे हुकलेले बार एकाच आंकड्याचे असल्याचें कधीं कधीं उघड होतें. चौथा आरोपी म्हणजे खुद्द नेमबाज. मनगट सैल धरल्यास स्लाइड पुरती मागें जात नाहीं आणि पुढचें काडतूस नीट चढत नाहीं. मागील बारानंतर चाप पुरता सोडला नाहीं तर घोडा पुन्हां सज्ज असूनही सुटत नाहीं. तेंच पिस्तूल व तींच काडतुसें दुसऱ्या अनुभवी हातांत सुरळीत चाललीं, तर उत्तर मिळालेंच.

एका हुकलेल्या बारावरून मात्र कांहींच ठरत नाहीं. खडकीच्या १८६९ सालीं स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यांत काय किंवा युरोपांतील क्रीडाकाडतुसांच्या कारखान्यांत काय, काडतुसें एकेका लॉटनें तयार होतात, आणि त्या लॉटचा क्रमांक पेटीवर छापलेला असतो. म्हणून वही ठेवावी : तारीख, लॉटचा क्रमांक, मॅगझिनचा क्रमांक, किती बार उडविले, किती हुकले, आणि खूण कशी होती. चार महिन्यांनीं ही वही जें सांगते तें कोणत्याही तज्ज्ञाच्या आठवणीपेक्षां अधिक विश्वासार्ह असतें. कोंकणांतील वा मुंबईतील पावसाळ्यांत तर ती विशेष उपयोगाची. जूनपूर्वीं सुरळीत चाललेली पेटी सप्टेंबरांत हुकूं लागली, तर पिस्तूल उघडण्यापूर्वीं काडतुसें कोठें ठेवलीं होतीं हें विचारावें. तीं हवाबंद डब्यांत, ओल शोषून घेणाऱ्या पुडीसह, थंड व कुलुपबंद जागीं असावींत. तेलकट हातांनीं हाताळूं नयेत आणि तेल लावलेल्या कोठ्यांत दिवसेंदिवस पडून राहूं देऊं नयेत.

एवढ्यानें प्रश्न सुटला असें वाटेल. परंतु ह्या रीतींतही एक खांचखळगा आहे. समजा, संशयित पिस्तूल एका लॉटचीं काडतुसें बिनचूक उडवितें आणि दुसऱ्या लॉटचीं हुकवितें. आणि दुसरें पिस्तूल दोन्ही लॉट सारख्याच तत्परतेनें उडवितें. आतां दोष कोणाचा? टोप्या सर्व सारख्या मऊ नसतात. कारखान्यांत ठराविक वजनाची पोलादी गोळी निरनिराळ्या उंचींवरून पिनेवर सोडून, कितक्या आघातास सर्व टोप्या पेटतात आणि कितक्या आघाताखालीं एकही पेटत नाहीं, हें तपासलें जातें. टोपी कमालीची हळवी असून चालत नाहीं. नाहीं तर काडतूस हातांतून पडतांच उडेल. नियमांत बसणारी पण थोडी कठीण टोपी आणि थोडी थकलेली स्प्रिंग यांची गांठ पडली, म्हणजे बार हुकतो. चाप हलका लागावा म्हणून कांहीं लोक पिस्तुलाची स्प्रिंग मुद्दाम मऊ करून घेतात, त्यांच्या वाट्यास हा अनुभव हटकून येतो. येथें काडतूस बदलून काम भागेल, परंतु दुरुस्ती पिस्तुलाचीच झाली पाहिजे. आणि ती परवानाधारक कारागिराकडूनच, घरच्या कानशीनें नव्हे.

दोन वस्तु आपापल्या जागीं ठीक असून एकत्र आल्यावर घात करतात, ह्याचें मोठें आणि दुःखद उदाहरण पिस्तुलाच्या नव्हे तर रायफलीच्या इतिहासांत आहे. यूजीन स्टोनर यांच्या रचनेवरून तयार झालेली एम-सोळा ही हलकी रायफल अमेरिकेनें १९६० नंतरच्या दशकांत व्हिएतनामच्या युद्धांत आणली. तिच्या पहिल्या चांचण्या एका जातीच्या दारूवर झाल्या होत्या. त्या दारूनें सैन्यास हवा असलेला गोळीचा वेग आणि दाबाची मर्यादा मोठ्या उत्पादनांत एकदम सांभाळणें अवघड जाऊं लागलें, तेव्हां १९६४ पासून गोल कणांची दुसरी दारू वापरांत आली. ही दुसरी दारू वाईट नव्हती. इतर शस्त्रांत ती पूर्वींपासून चांगली चालत होती. पण एम-सोळामध्यें तिच्यामुळें यंत्रणेची गति वाढली आणि आंत मळ अधिक सांचूं लागला. त्यांत रायफलीच्या कोठ्यास क्रोमियमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेंत तो गंजे, आणि उडालेलें नळकांडें त्यास चिकटून बसे. शिवाय ही रायफल फारशी साफ करावी लागत नाहीं अशी समजूत पसरली होती आणि साफसफाईचें साहित्य पुरेसें पोहोंचलें नव्हतें.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९६६ व १९६७ सालीं ऐन चकमकींत रायफली अडकूं लागल्या, आणि नळींत सळई घालून नळकांडें ठोकून काढण्याची पाळी सैनिकांवर आली. त्यांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें लोकप्रतिनिधींच्या हातीं पडलीं. प्रथम बोट सैनिकाकडेच दाखविलें गेलें : तो रायफल साफ करीत नाहीं. पुढें रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालीं प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीनें चौकशी करून ऑक्टोबर १९६७ मध्यें अहवाल दिला, आणि पुरेशा चांचणीवांचून दारू बदलण्याच्या निर्णयावर कडक टीका केली. उपाय एकाच जागीं करून भागलें नाहीं. कोठ्यास क्रोमियमचा मुलामा आला, यंत्रणेची गति आवरणारा भाग बदलला, दारूंतील मळ करणारें द्रव्य कमी केलें गेलें, साफसफाईचें साहित्य व शिक्षण देण्यांत आलें. तीच रायफल त्यानंतर अनेक दशकें सैन्याच्या हातीं राहिली. दोष रायफलीचा कीं काडतुसाचा, ह्या प्रश्नास ‘दोघांच्या जुळणीचा’ हें उत्तर मिळण्यास जो काळ लागला, त्याची किंमत ज्यांनीं दिली त्यांचा निर्णयांत कांहींही हात नव्हता.

मैदानावर अशी प्राणांची किंमत नसली तरी निवाड्याचें महत्त्व तेथेंही आहे. २५ मीटर पिस्तुलाच्या वेगवान फेरींत लक्ष्य एकेका बारासाठीं केवळ ३ सेकंद समोर येतें. तेवढ्यांत बार हुकला तर नेमबाजानें पिस्तूल लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करावयाचा असतो. मग पंच येऊन तपासणी करतो. चापाचें व पिनेचें काम होऊनही काडतूस कोठ्यांत तसेंच राहिलें असेल, नळकांडें बाहेर पडलें नसेल किंवा चापाची यंत्रणाच चालली नसेल, तर बिघाड मान्य होतो. उलट खटका उघडला नव्हता, काडतुसें कमी भरलीं होतीं, चाप पुरता सोडला नव्हता, असें आढळल्यास तो अमान्य होतो. आणि पंचानें पाहण्यापूर्वीं नेमबाजानें स्वतःच यंत्रणेस हात लावला, तर खरा दोष कोणाचाही असो, बिघाड अमान्यच. पुरावा हलविणाऱ्याची फिर्याद ऐकून घेतली जात नाहीं, असाच ह्या नियमाचा अर्थ.

दोष निःसंशय असला तरी तो दरवेळीं भरून मिळतोच असें नाहीं. २५ जुलै २०२१ रोजीं टोकियो ऑलिंपिकमध्यें मनू भाकर यांचें १० मीटर हवाई पिस्तूल पात्रता फेरी चालू असतांनाच बिघडलें. हवाई पिस्तुलांत दारू नाहीं, टोपी नाहीं. त्यामुळें काडतुसावर संशय घेण्यास जागाच नव्हती. दुरुस्तींत मोलाचीं मिनिटें गेलीं, आणि ५७५ गुणांसह त्यांचा १२ वा क्रमांक लागून अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनीं पॅरिसला त्याच प्रकारांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. अव्वल दर्जाचे नेमबाज स्पर्धेपूर्वीं स्प्रिंग, पिन व मॅगझिन तपासून घेण्यास इतके कां जपतात, आणि एकाच लॉटचीं काडतुसें पुरेशीं जमवून ठेवण्याचा आग्रह कां धरतात, हें ह्यावरून समजण्यासारखें आहे.

सारांश, बार हुकल्यावर करावयाच्या गोष्टींस क्रम आहे. प्रथम पिस्तुलाचें तोंड सुरक्षित दिशेस आणि बोट चापाबाहेर, मग थांबणें, मग रिकामें करणें, मग खूण पाहणें, मग एका वेळीं एकच गोष्ट बदलून उलटतपासणी करणें, आणि सर्व कांहीं वहींत टिपणें. घाईनें हा क्रम उलटा केला तर दुखापत तरी होते किंवा निर्दोष वस्तु फेकली जाऊन सदोष वस्तु पुन्हां पेटींत जाते. मैदानाच्या बाकावर न उडालेल्या काडतुसांसाठीं निराळी डबी ठेवलेली असते, ती अडगळ नव्हे. तींत पडलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावर, पिनेनें केलेल्या त्या लहानशा खळग्यांत, पुढच्या बाराचें भवितव्य लिहिलेलें असतें. तें वाचण्यास फार तर चांगला उजेड आणि अर्ध्या मिनिटाचा धीर लागतो.